दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ

चऱ्होलीच्या माणसाला वेळेची किंमत कुणी सांगायला नको. पहाटेच्या अंधारात आळंदी रस्त्याच्या कडेला कंपनीच्या गाड्यांची वाट बघत माणसं उभी असतात. कुणाला चाकण गाठायचं असतं, कुणाला भोसरी. गाडी चुकली की दांडी पडते, नाहीतर पदरचे पैसे मोडून रिक्षा करावी लागते. चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, इंद्रायणीपलीकडचं चऱ्होली खुर्द खेड तालुक्यातच राहिलं. हद्द कुणाचीही असो, दोन्ही काठांवरच्या कितीतरी घरांचा दिवस आता शिफ्टवर चालतो. जेवण कधी, झोप कधी, पाहुण्यांना कधी बोलवायचं, मुलाच्या शाळेत पालकसभेला कोण जाणार, हे सगळं फर्स्ट, सेकंड आणि नाइट या तीन शब्दांवर ठरतं.

याच पट्ट्यातला वाचक डोळ्यांसमोर ठेवून मी हे पुस्तक लिहिलं आहे. इस्लाम वेळेबद्दल काय सांगतो आणि दुसऱ्याची काळजी घेण्याबद्दल काय सांगतो, हा त्याचा विषय. या दोन गोष्टी एकाच पुस्तकात कशाला, असं विचारणारे भेटले. मला त्या दोन वाटतच नाहीत. वेळ वाया घालवू नका असं सगळेच सांगतात, पण वाचवलेला वेळ कुणाचा, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. कुरआन आणि हदीस वाचताना मला पुन्हा पुन्हा दिसलं ते हे, की वेळेची जबाबदारी जिथे सांगितली आहे तिथे जवळच कुठेतरी दुसरा माणूस उभा आहे: मजूर, कर्जदार, आजारी शेजारी, रडणारं मूल. आपल्या वेळेत त्याचा वाटा आहे, आणि तो वाटा वेळेवर पोचला पाहिजे. पुढची सगळी प्रकरणं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कुरआनातला एकशे तिसरा अध्याय, सूरह अल-अस्र, अवघ्या तीन आयतींचा आहे. नमाज शिकणाऱ्या लहान मुलांना तो लवकर पाठ होतो, आणि पाठ झालेल्या गोष्टींकडे मोठेपणी नीट बघायचं राहून जातं. त्यात काळाची शपथ घेऊन सांगितलं आहे की माणूस तोट्यात आहे. सुटतात ते फक्त श्रद्धा ठेवणारे, सत्कर्म करणारे, एकमेकांना सत्याचा आणि एकमेकांना सबुरीचा आग्रह करणारे. यातली पहिली दोन कामं एखादा एकटा राहूनही करू शकेल. शेवटची दोन मात्र एकट्याने होणारच नाहीत, त्यांना समोर माणूस लागतो. म्हणजे काळाच्या तोट्यातून कुणी एकटा सुटत नाही. इमाम शाफिई म्हणायचे असं सांगतात की लोकांनी एवढ्या एका अध्यायावर विचार केला तरी त्यांना पुरेल. त्याचं कारण मला इथे सापडतं.

पाच गोष्टींची कदर पाच गोष्टींच्या आधी करा, ही हदीसही सर्वांच्या ओळखीची आहे: म्हातारपणाआधी तारुण्याची, आजाराआधी तब्येतीची, गरिबीआधी पैशाची, कामाच्या गर्दीआधी उसंतीची आणि मृत्यूआधी आयुष्याची. रमजान जवळ आला की ती मोबाइलवर फिरू लागते. बहुतेक जण तिच्यातून स्वतःपुरता सल्ला घेतात: व्यायाम करा, पैसे साठवा, अभ्यास करा. तेही चांगलंच. पण तिर्मिझीच्या संग्रहात एक दुसरी हदीस आहे. कयामतच्या दिवशी माणसाला जागेवरून पाऊल हलवू न देता काय विचारलं जाईल, ते तीत सांगितलं आहे. आयुष्य कशात घालवलं, मिळवलेल्या ज्ञानाचं काय केलं, पैसा कुठून आणला आणि कुठे खर्चला, शरीर कशासाठी झिजवलं. या दोन्ही हदीस शेजारी ठेवून वाचाव्यात. उसंत मिळाली तर तिचाही हिशोब द्यायचा आहे, आणि त्या हिशोबात स्वतःवरच्या खर्चाने पान भरत नाही.

मला सर्वांत जास्त हलवून गेला तो ऐंशीवा अध्याय, सूरह अबस. त्यामागचा प्रसंग बहुतेक सुन्नी भाष्यकार असा सांगतात. मक्केत पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत बसले होते. ही माणसं वळली तर सगळं शहर वळेल, अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ तिथे आले आणि मला काही शिकवा म्हणू लागले. बोलणं तुटलं, पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. आलेल्या माणसाला ती आठी दिसणारही नव्हती. तरी त्यावर आयती उतरल्या आणि खुद्द पैगंबरांना विचारणा झाली: ज्याला पर्वा नाही त्याच्यामागे तुम्ही लागता, आणि जो धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष करता? आजच्या भाषेत सरदारांची बैठक महत्त्वाची होती आणि अंध माणसाचा प्रश्न नंतर घेता आला असता. वेळेचं नियोजन शिकवणारा कुणीही त्या आठीला दोष देणार नाही. कुरआनाने दिला, आणि तो कायमचा लिहून ठेवला.

याच इब्न उम्मे मक्तूम यांचं पुढचं आयुष्य बघा. मदिनेत ते बिलाल यांच्या जोडीने अजान देऊ लागले. रमजानच्या रात्री बिलाल आधी अजान देत, पण ती ऐकून खाणं थांबवायचं नव्हतं. इब्न उम्मे मक्तूम यांची अजान झाली की मगच रोजा सुरू. फटफटलेलं त्यांना स्वतःला दिसत नसे. लोक येऊन सांगत, पहाट झाली, पहाट झाली, तेव्हा ते उभे राहत. एका शहराने दिवसातली सर्वांत नाजूक वेळ एका अंध माणसाच्या हाती सोपवली आणि त्याला ती कळवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. अपंगांसाठी काय करता येईल यावर आपल्याकडे भाषणं होतात. इथे दयेचा विषयच नाही, कामच असं वाटलेलं आहे की त्या माणसावाचून शहराचं चालू नये आणि शहरावाचून त्याचं.

दुसरा प्रसंग शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला चटकन पटेल. दिवसभर उंटांवरून पाणी वाहणारा एक माणूस रात्र पडता पडता परतत होता. वाटेत जमाअत उभी दिसली म्हणून त्याने उंट बसवले आणि तो नमाजमध्ये सामील झाला. इमाम होते मुआझ इब्न जबल, मोठे विद्वान. त्यांनी सूरह बकरा सुरू केली. कुरआनातला हा सर्वांत मोठा अध्याय, २८६ आयतींचा. थकलेला माणूस थोडा वेळ उभा राहिला, मग रांगेतून बाजूला झाला आणि आपली नमाज आपण पढून घरी गेला. मुआझ त्याच्याबद्दल वावगं बोलल्याचं त्याच्या कानावर आलं, आणि तो थेट पैगंबरांकडे गेला. पैगंबर रागावले ते मुआझ यांच्यावर. लोकांना अडचणीत टाकतोस का, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि शम्स, लैल यांसारखे छोटे अध्याय वाचायला सांगितले, कारण मागे म्हातारे, अशक्त आणि कामाची माणसं उभी असतात. शम्समध्ये १५ आयती आहेत, लैलमध्ये २१. पैगंबरांनी स्वतःबद्दलही सांगून ठेवलं आहे की नमाज लांबवण्याच्या विचाराने मी उभा राहतो, पण मागून मुलाचं रडणं कानावर आलं की आईच्या जिवाची घालमेल ओळखून आटोपती घेतो. इबादतीचा वेळसुद्धा मागच्या रांगेतल्या माणसाकडे बघून कमी-जास्त होतो. जुम्याच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धावत मशिदीत येणाऱ्या कामगारासमोर खुत्बा लांबवणाऱ्यांनी हा प्रसंग जवळ ठेवावा, असं मी मनापासून सांगतो.

रमजानमध्ये सेकंड शिफ्टला गेलेल्या माणसाचं काय होतं ते इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पुस्तकाचा विषय तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. रमजान मार्चमध्ये आला की आपल्याकडे इफ्तारची वेळ पावणेसातच्या आसपास येते. सेकंड शिफ्ट तेव्हा ऐन भरात असते. सीएनसी मशीन ठरलेल्या मिनिटांत जॉब पूर्ण करतं; तो काढायचा, गेजने तपासायचा, दुसरा लावायचा, दार बंद करून बटण दाबायचं. ऑपरेटर दहा मिनिटं हलला तर टार्गेट हलतं. रोजेदाराच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत तीन खजूर असतात, हाताला कूलंटचा वास असतो. अशा वेळी शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणतो, तू जा, मी बघतो. मग तो एकटा दोन मशीन सांभाळतो, इकडचा जॉब काढून तिकडे धावतो. रोजेदार हात धुऊन खजूर तोंडात टाकतो, पाणी पितो, कोपऱ्यात पुठ्ठा अंथरून मगरिब पढतो आणि परत येतो. सोडवायला आलेला बहुतेक वेळा हिंदू असतो. आषाढीच्या सुमाराला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आमच्या चऱ्होलीच्या थोरल्या पादुकांपाशी थांबते, त्या दिवशी त्याला सुट्टी हवी असते, आणि बदली करायला हाच रोजेदार उभा राहतो. या अदलाबदलीची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होत नाही. रोजेदाराचा रोजा वेळेवर सोडवणाऱ्याला त्या रोज्याइतकंच पुण्य मिळतं, अशी हदीस आहे. खजूर देणारा तर ती डोळ्यांसमोर ठेवतोच, मी दहा मिनिटं देणाऱ्यालाही त्यात धरतो.

काळजी वेळेवर पोचली नाही तर तिचं स्वरूपच बदलतं, हे शरियतमध्ये फार बारकाईने बघितलेलं आहे. फित्रा ईदच्या नमाजआधी द्यायचा. नमाजनंतर दिला तर तो साधा दानधर्म ठरतो, कारण ईदच्या सकाळी गरिबाच्या घरी चूल पेटावी हा त्याचा हेतू असतो आणि ती सकाळ टळून जाते. मयत झाली की दफनविधी लांबवायचा नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्यायची. ऐपत असून देणं लांबवणाऱ्याला हदीसमध्ये सरळ जुलूम करणारा म्हटलं आहे. उलट कर्जदार खरोखर अडचणीत असेल तर कुरआन सांगतं, त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर तुमच्यासाठी ते अधिक चांगलं. तोच वेळ एकाने ताणला तर जुलूम होतो आणि दुसऱ्याने दिला तर उपकार होतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत, बकराची २८२वी, याच कामाला वाहिलेली आहे: ठराविक मुदतीचा व्यवहार केलात तर तो लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी कंटाळू नका.

कर्ज आणि देण्यांवरचं प्रकरण लिहिताना माझ्यासमोर भोसरी-चाकण पट्ट्यातले लहान वर्कशॉपवाले होते. दोन-तीन लेथ, चार पोरं कामाला, माल मोठ्या कंपनीला किंवा तिच्या व्हेंडरला. माल गेला, बिल गेलं, पैसे मात्र तीन-तीन महिने येत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं आहे. तरी पुढची ऑर्डर हातची जाईल या भीतीने पुष्कळ जण तक्रार करत नाहीत. वरचा पैसा अडला की खालच्या पोराचा पगार अडतो, आणि त्या पोराच्या खोलीचं भाडं अडतं. हा सगळा अडकलेला वेळ आहे, आणि तो कुणाच्या तरी घामाचा आहे. आमच्यातले काही व्यावसायिक नमाज-रोज्यात काटेकोर असतात आणि पेमेंटच्या तारखेला ढिले. त्यांच्यासाठी हे प्रकरण मी मुद्दाम कडक लिहिलं आहे.

जकातीच्या हिशोबातही वेळेची अशीच एक बारीक गोष्ट आहे. निसाबइतकी संपत्ती चांद्र वर्षभर हाती राहिली की तिच्यावर अडीच टक्के जकात लागते. निसाब म्हणजे साधारण ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. ताळेबंद ३१ मार्चला करायची सवय असलेला माणूस जकातही इंग्रजी वर्षाने काढू लागला, तर ३३ वर्षांत गरिबाची एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. म्हणून इंग्रजी वर्षाने हिशोब करणाऱ्याने अडीचऐवजी सुमारे २.५७७ टक्के काढावेत, असं आजचे जाणकार सुचवतात. हा फरक शंभर रुपयांमागे आठ पैशांचाही नाही, पण ते आठ पैसे आपले नाहीत.

मध्ययुगीन दमास्कसबद्दल एक छोटं प्रकरण आहे. तिथल्या उमय्या मशिदीत नमाजच्या वेळा काढायला इब्न अल-शातिरसारखा खगोलशास्त्रज्ञ नेमलेला होता. त्याने १३७१ मध्ये मिनारासाठी बनवलेलं सूर्यघड्याळ प्रसिद्ध आहे. त्याच्या आधी, १३२६ मध्ये, इब्न बतूता त्या शहरात आला. गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी फुटलेली त्याने पाहिली. लोकांनी पोराला तुकडे गोळा करायला लावले आणि फुटल्या भांड्यांसाठी असलेल्या वक्फच्या कारभाऱ्याकडे नेलं. तिथे दुसरी थाळी घेण्याइतके पैसे मिळाले आणि पोराचा मार वाचला. सावलीची मिनिटं मोजणारं शहर पोराच्या पाठीचाही विचार करत होतं.

महाराष्ट्रातले दाखले शोधायला लांब जावं लागलं नाही. सावित्रीबाई फुले आजारपणात नायगावला माहेरी होत्या तेव्हा, १० ऑक्टोबर १८५६ रोजी, त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात शाळेत त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मैत्रिणीचा, फातिमाचा, उल्लेख आहे. आपल्या मागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, असा सावित्रीबाईंचा विश्वास त्यातून दिसतो. या बाईबद्दल आपल्या हाती कागद फार थोडे आहेत, पण एवढी ओळ मला पुरते. मैत्रीण आजारी पडली, तिच्या वाट्याचं काम हिने अंगावर घेतलं, आणि ते शाळेचं काम होतं, उद्यावर ढकलता न येणारं.

करोनाच्या काळाची आठवण अजून ताजी आहे. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने त्या महिन्यात जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग उभारून दिला. २५ मे रोजी, ईदच्याच दिवशी, त्याचं उद्घाटन झालं. पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीची सुमारे नऊ हजार चौरस फुटांची जागा विलगीकरणासाठी देऊ केली. मूलनिवासी मुस्लिम मंचाच्या कार्यकर्त्यांनी पुण्यात सर्व धर्मांच्या मृतांचे, ज्याच्या त्याच्या रीतीने, अंत्यसंस्कार केले, तेही नातेवाईक जवळ यायला धजत नव्हते त्या दिवसांत. पुढच्या वर्षी, २०२१ च्या रमजानमध्ये, नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वतःच्या खर्चाने ऑक्सिजनचे टँकर आणवले. सुमारे ८५ लाख रुपये गेले, आणि परतफेड न घेता ही माझी जकात आहे असं त्यांनी सांगितलं.

इथे एक प्रामाणिक मतभेद आहे आणि तो मी टाळलेला नाही. हनफी फिक्हनुसार जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते; इमारत किंवा यंत्र यांसाठी ती चालते का, यावर उलेमांमध्ये वाद आहे. पुस्तकात दोन्ही बाजू दिल्या आहेत. माझं मत एवढंच की पैसा जकातीच्या खात्यातला की सदक्याच्या, हे आलिमांकडून ठरवून घ्यावं, पण श्वास लागलेल्या माणसाला त्या निर्णयाची वाट बघायला लावू नये. नफ्ली, म्हणजे ऐच्छिक, सदका कुठल्याही धर्माच्या गरजूला देता येतो, आणि त्याला वर्ष पूर्ण व्हायची अट नाही.

आमच्या या परिसरात हे देणंघेणं नवं नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. तुकोबांच्या घरून मिळालेल्या चिमूटभर पिठाने या फकिराचा कटोरा भरला, अशी आख्यायिका आहे. ती पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्यांनी कटोरा कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही.

आता घराबद्दल. वेळ आणि सेवा यांवर बोलताना आम्ही पुरुष मशीद, दवाखाना, मदतकार्य इथपर्यंत सहज जातो आणि उंबऱ्याच्या आत आलो की गप्प होतो. रमजानमध्ये सेहरीसाठी घरात सर्वांच्या आधी बाई उठते. भाकऱ्या, चहा, मुलांना उठवणं, मग फजर. त्यानंतर यातल्या कितीतरी जणी स्वतः कामाला जातात: कुणी असेंब्ली लाइनवर, कुणी सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला. संध्याकाळी परत इफ्तारची तयारी, भजी, फळं चिरणं, शेजारी ताटं पोचवणं, आणि तरावीहची वेळ झाली तरी भांडी तशीच. घरातल्या बाकीच्यांना इबादतीला जो वेळ मिळतो तो बऱ्याचदा तिच्या वेळातून आलेला असतो. हजरत आयेशा यांना कुणी विचारलं की पैगंबर घरी असताना काय करायचे. त्या म्हणाल्या, घरच्यांची कामं करायचे, आणि नमाजची वेळ झाली की उठून जायचे. बुखारीत ही हदीस आहे. सुन्नत म्हणून आम्ही दाढीची लांबी मोजतो, मिसवाक वापरतो. घरकाम हीसुद्धा सुन्नतच आहे, आणि पुरुषांनी ती पाळली तर रमजानच्या घराचं वेळापत्रकच बदलेल.

म्हणून घरावरचं प्रकरण मी पहिलं ठेवलं आहे. जकात, कर्ज, शेजार, कारखाना हे सगळं त्यानंतर येतं. वाचकाने क्रम मोडू नये, अशी विनंती आहे. सेकंड शिफ्टवाल्यांनी ते पहिलं प्रकरण सकाळी घरच्यांसोबत बसून मोठ्याने वाचावं, कारण त्यातले प्रश्न एकट्याने सोडवायचे नाहीत: सेहरीला आधी कोण उठणार, इफ्तारनंतर भांडी कोण घासणार, आणि आजीला दर सोमवारी दवाखान्यात घेऊन कोण जाणार.